एसीची हवा कमी येतेय, गाडी ओढत नाही? गॅस भरायच्या आधी दोन्ही एअर फिल्टर उघडून बघा

आधी लक्षणं लिहितो, आपल्या गाडीला काय लागू पडतंय ते बघा, मग पुढे वाचा.

ब्लोअर चारवर टाकलाय, आवाज भरपूर येतोय पण तोंडावर हवा नावालाच. मागच्या सीटवरचे म्हणतात आमच्यापर्यंत गारवा येतच नाही. एसी लावल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं कुबट वास. पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकट होते आणि लवकर साफ होत नाही. डॅशबोर्ड सकाळी पुसला तर संध्याकाळी एसीच्या जाळीपाशी परत बारीक धूळ. असं असेल तर पहिला संशय केबिन फिल्टरवर घ्यायचा.

इंजिनच्या फिल्टरची लक्षणं वेगळी. ओव्हरटेकला अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी पटकन उचलत नाही, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना जिथे तिसऱ्यावर आरामात जायची तिथे दुसरा टाकावा लागतो, एसी चालू असला तर अजून जड वाटते, आणि डिझेल असेल तर रेस दिल्यावर मागे काळा धूर. गॅरेजला येणारा माणूस एवढंच सांगतो, "गाडी वढत नही भो", बाकीचं आपण विचारून काढायचं.

माझं गॅरेज जळगाव-धुळ्याच्या मध्ये हायवेच्या कडेला आहे आणि उन्हाळा लागला की या दोन तक्रारी रोजच्याच. वाईट याचं वाटतं की बरेच जण माझ्याकडे येण्याआधी कुठेतरी एसीचा गॅस भरून आलेले असतात, चांगले पैसे देऊन, आणि फिल्टर कोणी उघडूनच बघितलेला नसतो. गॅस भरल्याने हवा जास्त येत नाही हो. हवा ढकलतो ब्लोअर, अडवतो फिल्टर, गॅसचं काम फक्त ती थंड करायचं. त्यामुळे हवा कमी येतेय की येणारी हवा गरम आहे हे आधी नीट ठरवा, कारण दोन्हीचा इलाज वेगळा आणि खर्चात तर खूपच फरक.

अजून एक, हे दोन फिल्टर पूर्ण वेगळे आहेत. एक बोनेटमध्ये काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, त्यातून इंजिन हवा घेतं. दुसरा बहुतेक गाड्यांना डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या खणामागे, त्यातून आत बसलेली माणसं हवा घेतात. सर्व्हिसच्या बिलावर नुसतं "एअर फिल्टर" लिहिलेलं असेल तर कोणता बदलला ते विचारून घ्या, कारण इंजिनचा बदलला आणि केबिनचा चार वर्षांपासून तसाच, अशा गाड्या नेहमी येतात.

पुस्तकातले किलोमीटर आपल्याकडे का पुरत नाहीत

बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये इंजिनचा एअर फिल्टर साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला आणि केबिन फिल्टर १५ ते २० हजारला किंवा वर्षातून एकदा बदला असं असतं. पण तिथेच असंही लिहिलेलं असतं की गाडी धुळीच्या रस्त्याने चालत असेल तर त्याआधी तपासा आणि बदला. ती ओळ आपल्याच भागासाठी आहे असं धरून चाला.

काळ्या जमिनीतल्या गाडरस्त्यावर एप्रिल-मेमध्ये फुफाटा घोट्याएवढा असतो, पुढे ट्रॅक्टर चालला असेल तर मागच्या गाडीच्या फिल्टरचं काय होणार ते सांगायला नको. मे महिन्यात वावधन सुटलं की उभ्या गाडीतही धूळ शिरते. कोणत्या गावची गाडी आहे ते कधीकधी फिल्टर बघूनच कळतं. जामनेर, बोदवडकडे जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाडीचा केबिन फिल्टर दिवाळीनंतर काढला तर वर कापसाच्या तंतूंचा थर बसलेला असतो, गोधडीतला जुना कापूस निघावा तसा अख्खा एका तुकड्यात सोलून निघतो आणि त्याच्या खाली फिल्टरच्या घड्यांमध्ये काळी माती. भुसावळ-दीपनगरकडच्या गाडीत औष्णिक केंद्राची करडी राख, ती इतकी बारीक की झटकून निघतच नाही. नंदुरबारला थंडीत मिरचीच्या पथारी पडतात, त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याचा फिल्टर खेचताना डोळे आणि नाक लांब ठेवा, खरंच सांगतो, शिंका थांबत नाहीत. आणि गहू-मक्याच्या मळणीच्या दिवसात भुसा सगळीकडेच.

म्हणून माझा हिशोब असा: केबिन फिल्टर वर्षातून दोनदा उघडून बघायचा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर. इंजिनचा दर ५ ते ७ हजार किलोमीटरला बघायचा आणि रोज शेतरस्ता असेल तर १५ ते २० हजारच्या आत बदलायचा. फक्त जळगाव-नाशिक हायवेने ये-जा असेल तर तो जास्त टिकतो, बघून ठरवा, उगाच तारखेवर जाऊन चांगला फिल्टर फेकू नका.

आधी फुकटातल्या गोष्टी

रीसर्क्युलेशनचं बटण बघा, गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो ते. उन्हात गाडी गार होत नाही अशी तक्रार असते आणि बटण बाहेरच्या हवेवर असतं, म्हणजे ४४ डिग्रीची हवा सारखी आत येतेय आणि एसी बिचारा तीच थंड करत बसलाय. पावसाळ्यात उलटं, काचेवर धुकं येतंय कारण बटण आतल्या हवेवर अडकलंय. धुळीच्या पट्ट्यात आतली हवा लावा, पुढे चांगला रस्ता लागला की थोडा वेळ बाहेरची घ्या, चार-पाच माणसं तासन् तास आतल्याच हवेवर बसली की जड वाटतं आणि ड्रायव्हरला पेंग येते.

मग ब्लोअर एकपासून चारपर्यंत एकेक करून फिरवा आणि कान देऊन ऐका. आवाज वाढतोय पण हवा वाढत नाही, तर वाट कुठेतरी बंद आहे, फिल्टरचीच शक्यता जास्त. आवाजच वाढत नाही तर मोटर किंवा तिची वायरिंग. एक-दोन-तीनवर काहीच नाही आणि चारवर एकदम जोरात चालतो, तर ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा भाग, गेलाय, त्याला फिल्टर बदलून काही होणार नाही. एवढं ऐकायला पाच मिनिटं लागतात आणि पुढचा सगळा खर्च यावरच ठरतो म्हणून हे सोडू नका.

बोनेट उघडून समोरच्या काचेखालची जाळी बघा. गाडी कडुलिंबाखाली लावत असाल तर तिथे पानं, काड्या, निंबोण्या साचलेल्या असतात. बाहेरची हवा तिथूनच आत जाते आणि पावसाचं पाणी जायची नळीही तिथेच असते. ती तुंबली की पाणी आत उतरून पायाखालचं मॅट ओलं होतं, मग कुबट वास येतो आणि लोक परफ्यूम आणून लावतात. हाताने कचरा काढा, थोडं पाणी ओतून खाली रस्त्यावर पडतंय ना बघा.

केबिन फिल्टर काढून बघा

बहुतेक गाड्यांना कोणतंच हत्यार लागत नाही. खण पूर्ण रिकामा करा, दोन्ही बाजूच्या भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो, काही गाड्यांना एका बाजूला छोटी दोरी किंवा दांडी असते ती आधी सोडवा. मागे लांबट झाकण दिसेल, त्याचे खटके दाबून काढा आणि फिल्टर हळूच सरळ बाहेर ओढा. ओढताना खाली वर्तमानपत्र धरा नाहीतर सगळी माती मॅटवर. काही गाड्यांना तो मधल्या कन्सोलच्या बाजूला, पायाजवळ असतो, काहींना बोनेटमधून काढावा लागतो, आणि काही गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनीतून फिल्टरच दिलेला नसतो, खाच असते आणि आत रिकामं. तसं असेल तर खाचेत बसेल असा फिल्टर दुकानातून आणून टाका, आपल्या भागात तो हवाच.

आता खात्री करायची पद्धत. फिल्टर बाहेरच ठेवून झाकण लावा आणि ब्लोअर मिनिटभर चारवर चालवा. हवा एकदम दणकून यायला लागली तर चोर सापडला. तरीही कमीच येत असेल तर नवा फिल्टर घेऊ नका, दोष पुढे आहे. फिल्टरशिवाय गाडी चालवत मात्र राहू नका, कारण ती माती मग थेट कूलिंग कॉईलच्या (डॅशबोर्डच्या आत हवा थंड करते ती) ओल्या पत्र्यांवर जाऊन चिकटते आणि कॉईल साफ करायची म्हणजे बऱ्याच गाड्यांना अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

बदलताना फिल्टरवर बाण असतो हवेच्या दिशेचा, जुना काढतानाच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि नवा तसाच बसवा. पांढरा साधा फिल्टर धूळ अडवतो, करडा-काळा कार्बनवाला येतो तो वासही बराच कमी करतो. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांनी कार्बनवाला घ्या असं मी सांगतो, आणि वेळेवर बदला, कारण कार्बन भरला की वास अडवायचं काम थांबतं. लहान गाड्यांना दोन-पाचशे रुपयांच्या आसपास मिळून जातो.

उंदरांचं वेगळं सांगावं लागेल. भाव यायची वाट बघत कापूस घरात भरून ठेवलेला असतो आणि गाडी त्याच खोलीला लागून उभी असते, मग फिल्टरवर कापसाचं घरटं, भुईमुगाची टरफलं, लेंड्या आणि फिल्टरला कुरतडलेलं भोक हे ठरलेलं. असं दिसलं तर ब्लोअर लगेच बंद करा, हवा मारू नका, तोंडाला मास्क आणि हातात ग्लोव्हज घाला, जंतुनाशकाचं पाणी फवारून भिजवून मग पिशवीत भरून टाका. ती घाण कोरडी उडवली तर तुमच्याच छातीत जाणार. आणि आत एखादी वायर कुरतडलेली दिसली तर तिथेच थांबा, चिकटपट्टी लावून चालू करू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

इंजिनचा एअर फिल्टर

गाडी बंद, इंजिन थंड. डब्याचे क्लिप सोडा किंवा स्क्रू असतील तर ते काढा, झाकण थोडं उचलून फिल्टर बाहेर घ्या. पाईपवर सेन्सरची वायर असते ती ओढू नका. उघडा डबा फडक्याने झाकून ठेवा, आत नट किंवा कचरा पडला तर महागात जाईल.

फिल्टरची मळकी बाजू काळी दिसली म्हणून लगेच घाबरायचं नाही, ती मळायलाच असते. घड्या अलगद उघडून बघा आणि उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड जवळपास दिसतच नसेल, मुळापर्यंत माती भरली असेल तर बदला. कागद थोडाच मळलाय तर हातावर हलकं आपटून मोकळी माती पाडा आणि परत लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या बाजूला, डब्यात स्वच्छ बोट फिरवा. तिथे बोटाला माती लागली तर फिल्टर मळका आहे यापेक्षा खूप मोठी गोष्ट आहे. मळका फिल्टर गाडी मंद करतो पण धूळ अडवत राहतो. फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर धूळ सरळ इंजिनात सोडतो, ती धूळ सिलिंडर आणि रिंगा घासते, मग ऑइल कमी व्हायला लागतं, निळा धूर येतो आणि खर्च थेट इंजिन उतरवण्याचा. म्हणून रबराची कड चारही बाजूंनी खाचेत बसलीये का, झाकणाचे खालचे कान आधी अडकवले का, एखादी क्लिप तुटलीये का हे बघाच. लोकल फिल्टर कधीकधी दोन मिलीमीटर लहान असतो आणि हाताने हलवला तर हलतो, असला फुकट मिळाला तरी लावू नका.

आणि कृपा करून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका. सर्व्हिसिंगमध्ये "हवा मारून दिली भाऊ" हे मोठं काम केल्यासारखं सांगतात. त्या प्रेशरने कागदाला डोळ्याला दिसणार नाहीत अशी छिद्रं पडतात आणि फिल्टर स्वच्छ दिसतो म्हणून अजून वर्षभर चालवला जातो. तुमच्या मॅन्युअलने हवेने साफ करायला सांगितलं असेल तर अगदी कमी दाबाने, लांबून, आतल्या बाजूने बाहेर. पाण्याने तर कागदी फिल्टर कधीच धुवायचा नाही. शेतकरी माणूस ट्रॅक्टरचा ऑइलवाला एअर क्लीनर हंगामाआधी स्वतः उघडून साफ करतो, ऑइल बदलतो, तोच माणूस दारातल्या कारचा डबा तीन वर्षं उघडत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

फिल्टर बदलला की अॅव्हरेज वाढेल असं सांगून कोणी विकत असेल तर तेवढं मनावर घेऊ नका. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये तपासलं होतं, तुंबलेल्या फिल्टरने फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजवर फारसा परिणाम होत नाही, कारण आत येणारी हवा मोजून कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो, मार बसतो तो पिकअपवर. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं वेगळं, त्यांना मायलेजमध्येही फरक पडतो. आपण बदलायचा तो इंजिन वाचवायला आणि घाटात, ओव्हरटेकला गाडीने साथ द्यावी म्हणून.

फिल्टर काढल्यावर तो तेलकट निघाला तर नवा लावून विषय संपवू नका, इंजिनातून ऑइलची वाफ उलटी येतेय, मेकॅनिकला दाखवा. फिल्टर ओला निघाला आणि आदल्या दिवशी गाडी रेल्वेच्या बोगद्यातल्या पाण्यातून काढली असेल तर चावी फिरवूच नका. इंजिनात पाणी गेलं असेल आणि स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून न्या.

दोन्ही फिल्टर ठीक, तरी गाडी गार होत नाही

पुढच्या जाळीतून कंडेन्सर बघा, म्हणजे रेडिएटरच्या पुढे एसीची गरमी बाहेर टाकणारा बारीक पत्र्यांचा भाग. तिथे चिखल, किडे, कापसाचे तंतू बसलेले असतील तर इंजिन थंड असताना साध्या नळीने हलक्या धारेने धुवा, वॉशिंगवाल्याचं प्रेशर जवळून मारू नका, बारीक पत्र्या झोपतात आणि मग हवा अजूनच अडते. एसी चालू केल्यावर पुढचा फॅन फिरतोय का ते पण बघा, गाडी चालताना गार आणि सिग्नलला गरम असेल तर फॅनवरच संशय घ्या.

लांबच्या प्रवासात तास-दीड तासाने हवा कमी कमी होत जाते आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत येते, तर कूलिंग कॉईलवर बर्फ धरतोय. तुंबलेल्या केबिन फिल्टरनेही हे होतं, गॅस कमी असला किंवा सेन्सर खराब असला तरी होतं. फिल्टर बघून झालाय ना, मग इथून पुढे तुमचं काम नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसच्या लाईनला हात लावायचा नाही. सिस्टीममध्ये प्रेशर असतं, गॅस अंगावर आला तर कातडी जळते, डोळा जाऊ शकतो. आणि एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. जो एसीवाला आधी लीक शोधतो त्याच्याकडे जा, जो येताच सिलिंडर जोडतो त्याच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात परत जावं लागेल.

डॅशबोर्ड उघडायची वेळ आली तर थांबा, आत एअरबॅग आणि तिच्या पिवळ्या रंगाच्या वायरी असतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली तर तिला अजिबात हात नको. ब्लोअरमधून जळका वास आला तर बंद करा आणि लावून बघू म्हणून परत चालू करू नका. इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, फिल्टर नवा टाकूनही डिझेल काळा धूर सोडतेय, टर्बोकडून शिट्टीसारखा आवाज येतोय, ऑइल कमी होतंय, यातलं काही असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पार्ट बदलत बसू नका. तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, ओढत ओढत गावापर्यंत आणायचा प्रयत्न करू नका.

मेकॅनिकला फोन करताना नुसतं "एसी चालत नाही" म्हणू नका. हवा कमी आहे की गरम आहे, ब्लोअर कोणकोणत्या नंबरवर चालतो, फिल्टर काढून हवा वाढली का, डब्यात आतल्या बाजूने बोटाला माती लागली का, एवढं सांगा. जुना फिल्टर फेकून न देता डिकीत ठेवा आणि नेऊन दाखवा, आणि नव्याच्या कडेला पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून मगच तो आत सरकवा.